आत्याबाईंचे विलायती कांदे

‘‘हात मागे.’’

आत्याबाईंच्या बागेशी कुणीही गेलं की पहिलं वाक्य हे. या नाही, बसा नाही. समोर पोस्टमन असो, नाहीतर त्यांच्या सख्ख्या भावाचे साहेब असोत, दोन्ही हात पाठीमागे बांधल्याशिवाय त्या वाफ्यापर्यंत कुणाला येऊ देत नसत. एकदा आमच्या ह्यांनी हात नुसते खिशात घातले, तर म्हणाल्या, ‘‘खिशातले हात बाहेर यायला वेळ लागत नाही. मागे.’’ आमचे हे, दोन मुलांचे बाप, निमूट हात मागे बांधून उभे राहिले. मी फिसकन हसले, तर माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘तुझेही.’’

तुम्हीही पाहिल्या असतील अशा बायका. प्रत्येक गल्लीत एक असते. लग्न झालेलं नसतं, नोकरी असते, जीभ तिखट असते, आणि संकष्टीला जास्वंद मागायला गेलेल्या बाईला ती दारातूनच वाटेला लावते. तिचं लग्न का झालं नाही ते सगळ्यांना पक्कं माहीत असतं आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. आमच्या आत्याबाई तशाच. भावाची मुलगी शुभा त्यांना आत्या म्हणायची, म्हणून अख्खी गल्ली आत्याबाई म्हणू लागली. त्यांचं खरं नाव कचेरीच्या मस्टरवर होतं आणि तिथेच राहिलं.

त्यांची माझी कचेरी एकच, त्र्यंबक रस्त्यावर. घरंही शेजारी शेजारी, गंगापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला. सत्तरच्या दशकातली नवी वस्ती ती. मागे पेरूच्या बागा, पुढे मुरमाचा रस्ता, आणि रिक्षावाला आत यायला नाक मुरडायचा. आमच्या दोघींच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत. पलीकडचं घर उभं राहिलं ते निम्म्याहून अधिक आत्याबाईंच्या पगारावर, आणि दारावरच्या पाटीवर नाव दादांचं, म्हणजे त्यांच्या भावाचं. याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, ‘‘पाटीत कुणी राहतं का?’’ घरामागची न्हाणीच्या बाजूची मातीची पट्टी तेवढी त्यांची. तीही कुणी दिलेली नव्हती. कुणाला नको होती, म्हणून त्यांची.

कचेरीतल्या मंडळींबरोबर त्या एका एप्रिलमध्ये काश्मीरला गेल्या. सरकारी सवलतीचा प्रवास. बाकीच्यांनी शाली आणल्या, अक्रोड आणले, दल सरोवरात शिकाऱ्यात बसून काढलेले फोटो आणले. आत्याबाईंनी श्रीनगरच्या एका माळ्याचा पत्ता आणला.

‘‘सुमन, ट्यूलिप पाहिलायस?’’ बसमध्ये त्यांनी मला विचारलं.

‘‘कॅलेंडरवर.’’

‘‘तो कपासारखा असतो. तो नव्हे. मी पाहिला तो वेगळा. उंच. कमरेत बारीक. आणि पाकळ्यांची टोकं अशी.’’ त्यांनी पाची बोटं जुळवून वर केली आणि टोकं हळूच बाहेर मुरडली. कार्बन पेपरनं निळी झालेली, टाइप करून करून नखं बोथट झालेली बोटं ती. ‘‘लिलीसारखा मुरडतो म्हणून लिली-ट्यूलिप म्हणतात. कुंकवाचा रंग, कडेला पिवळी रेघ. एवढं मोठं बर्फाचं राज्य, त्यात तो एकटा उभा. कुणी लावलंय, विचारलं, तर तो म्हातारा माळी छातीवर हात ठेवून म्हणाला, मैंने.’’

ते ‘मैंने’ त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मला राग यायचा. मला फूल दिसत नव्हतं. त्यांना फुलापेक्षा त्या म्हाताऱ्याचा छातीवरचा हात जास्त आवडला होता, हे कळायला मला वर्षं लागली.

माळ्यानं शब्द पाळला. दिवाळीच्या आधी पार्सल आलं. आत कापसात गुंडाळलेले कंद, तपकिरी सालीचे, लासलगावच्या बाजारात कुणी ढुंकून पाहणार नाही अशा छोट्या कांद्यांसारखे. आपला जिल्हा कांद्याचा. इथे मातीत पुरलेली गोल वस्तू म्हणजे कांदाच. पोस्टमनपासून वहिनींपर्यंत सगळे कांदेच म्हणाले. वहिनी म्हणजे दादांची बायको. आत्याबाई प्रत्येकाला सांगत, ‘‘कांदा नव्हे, कंद.’’ सांगून सांगून तोंड दुखलं त्यांचं, पण गल्लीत नाव पडलं ते पडलंच. आत्याबाईंचे विलायती कांदे.

पहिल्या वर्षी कंद उगवले, पानं आली, आणि दोन पानांच्या बेचक्यात जमिनीला चिकटून काहीतरी लालसर फुटलं. दांडाच नाही. गल्ली हात मागे बांधून बघून गेली. कुणी म्हणालं कोबी. वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘‘वन्सं, त्यापेक्षा मेथी टाकली असती तर दोन वेळची भाजी झाली असती.’’

आत्याबाईंनी श्रीनगरला पत्र टाकलं. उत्तर आलं, बहनजी, इनको सर्दी चाहिए. आता आम्हा नाशिककरांना आपल्या थंडीचा केवढा अभिमान! निफाडचा पारा पेपरात छापून आला की आम्ही स्वतःच खाली आणल्यासारखे मिरवतो. आत्याबाईंनी तो अभिमान एका वाक्यात उतरवला. ‘‘ही थंडी नव्हे, थंडीची नक्कल आहे.’’ कंदांना लावण्याआधी तीनेक महिने खरा गारवा लागतो, आणि तो मिळाला तरच दांडा उंच होतो, असं त्यांना कळलं. मग त्यांनी फ्रिज घेतला.

गल्लीतला पहिला फ्रिज. लोकांना वाटलं भावजयीच्या सोयीसाठी घेतला. वहिनींनाही तसंच वाटलं. त्यांनी त्यावर क्रोशाचं झाकण घातलं, वर प्लॅस्टिकची फुलं ठेवली, आणि येईल त्याला बर्फ घालून सरबत दिलं. गणपती उठल्यावर आत्याबाईंनी भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीत कंद ठेवले. वहिनींनी त्याच कप्प्यात सीताफळं ठेवली. सीताफळं पिकली, घरादारानं खाल्ली, आणि त्या वर्षी एकाही कंदाला फूल आलं नाही. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या एका मास्तरांनी सांगितलं की पिकणाऱ्या फळाची वाफ लागली की कंदातली कळी आतल्या आत मरते. आत्याबाईंनी फर्मान काढलं, ‘‘कंद असतील तोवर फ्रिजमध्ये फळ नाही.’’

वहिनींनी ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी आश्विनात सत्यनारायण होता. पूजा आटोपली, मी तीर्थप्रसाद घेत होते, आणि वहिनींनी गुरुजींसमोर ताटलीत एक कंद आणून ठेवला.

‘‘गुरुजी, चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण नसतो. फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध असतं. हे तिथे ठेवलेलं चालेल का?’’

गुरुजींनी कंद उचलला, हुंगला, नखानं खरवडला, पुन्हा हुंगला. ‘‘वास नाही,’’ ते म्हणाले.

‘‘येणारच नाही,’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘कांदा नव्हे, कंद आहे.’’

गुरुजींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींच्या हातात शिधा होता. ‘‘वास नाही, पण आकार कांद्याचा. साल कांद्याची. बघणाऱ्याच्या मनात कांदा आला, म्हणजे झालाच की हो कांदा.’’

‘‘आणि सुरण? रताळं? ते उपासाला चालतं ना तुम्हाला? तेही कंदच.’’

‘‘सुरणाला पापुद्रे नसतात, बाई,’’ गुरुजी म्हणाले.

मी हसू दाबायला प्रसादाचा घास कोंबला. दादा पेपरामागून म्हणाले, ‘‘जाऊ दे ना गं, कशाला वाद?’’ दादांचं ‘जाऊ दे’ म्हणजे नेहमी बहिणीनं जाऊ द्यायचं. फ्रिज आणला कुणी आणि त्याला सोवळं लावलं कुणी! कंद बाहेर आले.

वहिनी दुष्ट होत्या असं समजू नका. आत्याबाईंना ताप आला तर रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणाऱ्या बाई त्या. तीच तर पंचाईत होती. दुष्ट असत्या तर भांडता आलं असतं.

त्यानंतरची काही वर्षं आत्याबाईंनी गारवा शोधण्यात घालवली. माठाखालची ओली वाळू झाली, विहिरीत सोडलेली बादली झाली. कंद कुजले, नवे मागवले, तेही कुजले. मी म्हणायचे, ‘‘आत्याबाई, गुलाब लावा. ह्या गावाचं जुनं नावच गुलशनाबाद. गुलाब काडी खोचली तरी येतो.’’ त्या म्हणायच्या, ‘‘म्हणूनच नको. काडी खोचून येणाऱ्याला कोण विचारतं कुणी लावला म्हणून?’’

शेवटी गारवा सापडला तो भद्रकालीत, एका सोडावॉटरच्या दुकानात. दुकानाचे मालक म्हातारे चाचा. त्यांच्याकडे आतून पत्रा मारलेली भली मोठी लाकडी पेटी होती, भुशात बर्फाच्या लाद्या ठेवायची. पावसाळा सरला की गिऱ्हाईक कमी आणि पेटी अर्धी रिकामी. आत्याबाईंनी पिशवी पुढे केली तेव्हा चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, ‘‘बाई, इधर लोग प्याज बेचने को रोते हैं, और आप प्याज को ठंडी हवा खिलाने लाए?’’

‘‘प्याज नहीं. फूल है,’’ आत्याबाई म्हणाल्या.

चाचांनी कंद हातात घेऊन पाहिला. ‘‘फूल है तो फूल है,’’ म्हणाले, आणि पेटीच्या कोपऱ्यात फळी टाकून त्याच्यावर पिशवी ठेवली. एवढंच. ना हुंगणं, ना खरवडणं. कचेरी सुटल्यावर आम्ही दोघी अधूनमधून जायचो. चाचा लांबूनच ओठांवर बोट ठेवायचे, ‘‘सो रहे हैं बच्चे.’’ ह्यावर आत्याबाई हसायच्या. दात दाखवून हसायच्या. इतकी वर्षं शेजारी राहून मी ते दात पाहिले नव्हते.

मार्गशीर्षात त्यांनी कंद लावले. दुपारच्या उन्हाला जुन्या साडीचा आडोसा केला. संक्रांत होऊन गेली, आणि एके सकाळी भिंतीवरून हाक आली, ‘‘सुमन! ए सुमन!’’ मी कणकेच्या हातांनी धावले. वाफ्यात दांडे उभे होते. वीतभर, सरळ, आणि प्रत्येकाच्या टोकाला मिटलेली लांबट कळी. हिरवीच होती, पण शिवणीशिवणीतून कुंकू दिसत होतं. मी हात मागे बांधले. कुणी सांगायच्या आतच बांधले गेले. शुभा आत्याबाईंच्या पायाशी उकिडवी बसली होती. तिला एकटीला हात लावायची मुभा होती. ती लहानपणापासून आत्याच्याच खोलीत झोपायची, आत्याच्याच हातून जेवायची. एकविशीची होती तेव्हा, बी.ए. झालेली.

‘‘रविवार-सोमवारी उमलतील,’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘मग टोकं मुरडतील. मग बघा.’’ त्यांनी हात छातीशी नेला. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. अशा वेळी माणसाकडे बघू नये.

रविवारी शुभाला बघायला पुण्याची मंडळी यायची होती. दुपारी आत्याबाई आमच्याकडे आल्या आणि स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. ‘‘तुझे आज पापड लाटायचे होते ना?’’

नव्हते. त्यांच्या तोंडाकडे पाहून मी म्हटलं, ‘‘होते.’’

थोड्या वेळानं त्या आपणहून बोलल्या. ‘‘वहिनींचंही बरोबर आहे. आत्याचं लग्न का झालं नाही, घराण्यात काही आहे का, असं विचारतात लोक. मी समोर नसले की विचारायचं सुचत नाही.’’ मी उडदाचं पीठ काढलं आणि भिजवायला घेतलं. काय करणार? शिव्या द्यायच्या तर कुणाला?

पाणी घ्यायला म्हणून त्या खिडकीशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. आमच्या खिडकीतून त्यांचा वाफा दिसायचा. मी उठून पाहिलं. वाफ्यात नुसते दांड्यांचे बुडखे होते. कात्रीनं कापलेले, सारख्या उंचीचे, एकही सुटला नव्हता.

तेवढ्यात दादांच्या बैठकीच्या खोलीतून आवाज आला. खिडक्या समोरासमोर, सगळं ऐकू यायचं.

‘‘अगंबाई, ही कसली हो फुलं?’’ मुलाच्या आईचा आवाज.

‘‘ट्यूलिप,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘आमच्या शुभानंच लावलीयत. तिला बागेचं भारी वेड.’’

मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात घरातल्या वस्तूंचे मालक तासाभरापुरते बदलतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पोहे मुलीनं केलेले. पडदे मुलीनं शिवलेले. भिंतीवरचा भरतकामाचा मोर मुलीचा, मग तो मावशीकडून आणून टांगलेला का असेना. त्या दिवशी तिथल्या टेबलावर माझा क्रोशाचा रुमाल होता आणि तो शुभानं विणलेला होता. मीच दिला होता, हसत हसत. ह्यात कुणाला पाप वाटत नाही. आमच्या वेळी आमच्याही आयांनी हेच केलं. वहिनींच्या लेखी त्या फुलांचा हिशोब रुमालासारखाच. शेजारणीचा रुमाल चालतो तर नणंदेची फुलं का चालू नयेत? त्यातून रंग कुंकवाचा, म्हणजे शुभ.

‘‘कशी लावतात गं?’’ मुलाच्या आईनं विचारलं.

 मग शुभाचा आवाज, बारीक. ‘‘आधी गारव्यात ठेवायचे. दोन महिने.’’

‘‘तीन,’’ खिडकीशी आत्याबाई पुटपुटल्या.

‘‘मग थंडीत लावायचे. टोक वर करून. पाणी रोज नाही घालायचं.’’

‘‘बरोबर,’’ आत्याबाई म्हणाल्या.

‘‘किती सुंदर उमललंय!’’ पलीकडून कुणीतरी म्हणालं. माणसांनी भरलेली खोली, उबेनं कळ्या फुलल्या असणार.

आत्याबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. ‘‘उमललीयत म्हणे. टोकं मुरडलीयत का गं?’’ जशी काही मी भिंतीपलीकडचं बघू शकत होते.

माझं डोकं सणकलं. मी पदर खोचला. ‘‘थांबा, मी जाते आणि सांगते तोंडावर.’’

त्यांनी माझं मनगट धरलं. ‘‘बस खाली. पोरीचं मोडेल.’’

‘‘आणि तुमचं?’’

‘‘माझं जुळलंय काय, मोडायला?’’

आम्ही दोघींनी मिळून पापड लाटले. इतके पातळ की एकही धड वाळला नाही.

मंडळी गेल्यावर त्या घरी गेल्या, पाठोपाठ मी रुमाल आणायच्या निमित्तानं. टेबलावर काचेचा पेला होता, आत नुसतं पाणी. फुलं वहिनींनी मुलाच्या आईला बांधून दिली होती. ‘‘पसंत पडली, वन्सं!’’ वहिनींचे डोळे भरून आले होते, खरोखरच भरून आले होते. ‘‘तुमच्या फुलांचा पायगुण बरं का.’’ दादा म्हणाले, ‘‘पुढच्या वर्षी येतील गं पुन्हा फुलं.’’ शुभा आतल्या खोलीत दार लावून बसली होती. आत्याबाईंनी पेल्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि पेला विसळून पालथा घातला.  त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला तरी.

लग्न मेमध्ये झालं. आत्याबाईंनी रुखवताचं सगळं बघितलं, पाहुण्यांच्या पंगती उठवल्या, शुभा निघाली तेव्हा तिचे पाणावलेले डोळे स्वतःच्या पदरानं पुसले. शुभा त्यांच्या गळ्यात पडली. मला वाटलं आता बोलेल. कानात एक शब्द बोलायचा, काय कठीण होतं? ती नाही बोलली.

पहिल्या आषाढात लेक माहेरी येते, तशी शुभा आली. त्याच आठवड्यात कांदेनवमी. चातुर्मास लागायच्या आधी घरातला कांदा संपवायचा, म्हणून त्या दिवशी घरोघर कांद्याची भजी. वहिनींनी मला बोलावलं होतं. कढई चढलेली, शुभा पाटावर बसून परातीत पीठ कालवत होती. सासरच्या गमती सांगता सांगता ती सहज म्हणाली, ‘‘आत्या, सासूबाई म्हणत होत्या, येताना ते कांदे घेऊन ये. आपल्या बंगल्यासमोर लावू. सगळ्यांना सांगून ठेवलंय त्यांनी, आमची सून ट्यूलिप फुलवते म्हणून.’’

आत्याबाई माझ्याशेजारी लसूण सोलत होत्या. त्या उठल्या, आत गेल्या, आणि कंदांची पिशवी घेऊन आल्या. त्या वर्षीचे चांगले पोसले होते, साल तुकतुकीत. त्यांनी विळी ओढली, पाय दुमडून बसल्या, आणि पहिला कंद उभा चिरला.

‘‘वन्सं! अहो काय करताय?’’

‘‘चातुर्मासात घरात कांदा नको ना, वहिनी? संपवून टाकते.’’

खच् खच् आवाज येत होता. एक चिरला की दुसरा. हात थांबत नव्हता. वहिनींना भज्यांचं भान राहिलं नाही, तेल जळायला लागलं. शुभाचे हात पिठानं भरलेले, ती तशीच उठून रडायला लागली. ‘‘आत्या, नको ना गं! सासूबाईंना मी काय सांगू?’’

‘‘सांग, कांदे होते, खाल्ले.’’

‘‘आत्या, असं काय करतेस?’’

‘‘तूच लावले होतेस ना?’’ आत्याबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. ‘‘मग पुन्हा लाव.’’

मला खोटं बोलवत नाही. त्या क्षणी मला आनंद झाला. एवढ्या वर्षांत त्या घरात ही बाई पहिल्यांदा माघार न घेता बोलली होती. सगळे चिरून झाल्यावर त्यांनी फोडी ताटात भरल्या, उकिरड्यावर नेऊन टाकल्या, हात धुतले आणि खोलीत जाऊन पडल्या. भजी कुणीच खाल्ली नाहीत.

वर्षभराच्या आत त्यांनी चांदवडला बदली मागून घेतली. मागून घेतली म्हटल्यावर साहेबही चकित झाले. नाशिक सोडून चांदवडला आपणहून कोण जातं? तिथे त्यांनी भाड्यानं खोली घेतली आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिल्या. मी एकदा गेले होते. दारासमोर चांगली दोन वाफ्यांची जागा, स्वच्छ झाडलेली, गवताची काडी नाही. ‘‘काही लावलं का नाहीत?’’ मी विचारलं. ‘‘कशाला?’’ त्या म्हणाल्या. ‘‘केर काढायला सोपं पडतं.’’ त्यांनी मला चहा दिला, कचेरीतल्या सगळ्यांची चौकशी केली. भावाच्या घरच्या कुणाची केली नाही. इकडे दादांनी मागची पट्टी सिमेंट करून घेतली. तिथे त्यांची स्कूटर लागायची.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांना नाशिकला दवाखान्यात आणलं. पोटाचं दुखणं, वेळ निघून गेलेली. मी रोज जाऊन बसायचे. अंगात काही उरलं नव्हतं, पण डोकं लख्ख. नर्सनं औषधाची वेळ चुकवली की तिला झापायच्या. शुभा यायच्या दिवशी सकाळीच मला म्हणाल्या होत्या, ‘‘ते चाचा गेले का गं? पेटीत फळी टाकली होती बघ त्यांनी. न विचारता.’’

शुभा पुण्याहून आली, नवऱ्याला घेऊन. अंगानं सुटली होती, केस पिकायला लागले होते. तिच्याबद्दल अधूनमधून कळायचं. सासरी तिनं लावलेलं काही जगायचं नाही, आणि सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, माहेरी म्हणे ट्यूलिप फुलवायची, इथे साधा झेंडू येत नाही हिच्या हाताला. सगळी वर्षं ते ऐकलं होतं तिनं. तिचीही कीव यायची मला, पण फार नाही.

ती खाटेशी उभी राहिली, मोसंब्यांची पिशवी हातातच. आत्याबाईंचा हात हातात घेतला आणि एकदम भडाभडा बोलायला लागली, नवऱ्याकडे तोंड करून. ‘‘अहो, मला तुम्हाला सांगायचंय. तुम्ही बघायला आलात तेव्हाची ती फुलं मी नव्हती लावली. आत्यानं लावली होती. वर्षानुवर्षं खपत होती ती त्यांच्यासाठी. मी खोटं बोलले. आत्या, सांग ना गं तू यांना. तूच लावली होतीस ना ती फुलं?’’

वॉर्डातल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. नवरा बिचारा गोंधळून माझ्याकडे पाहायला लागला.  म्हटलं, घ्या आत्याबाई, आलं एकदाचं. उशिरा का होईना, चारचौघांत आलं.

आत्याबाईंनी डोळे उघडले. आधी जावयाकडे पाहिलं, मग शुभाकडे. बराच वेळ पाहिलं. मग शुभाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

‘‘कुठली फुलं?’’ त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता. ‘‘मी कधी फुलं लावली नाहीत, बाई.’’

नंतर लोक म्हणाले, शेवटी विस्मरण झालं होतं. वहिनी म्हणाल्या, पोरीला नवऱ्यासमोर खोटी पडू दिली नाही, मनानं मोठीच. म्हणोत बापडे. मी तिथे होते, मी त्यांचे डोळे पाहिले. ते विस्मरण नव्हतं आणि मोठेपणा तर नव्हताच. शुभाला ते ओझं तिथे उतरवून हलकं होऊन पुण्याला जायचं होतं, आणि आत्याबाईंनी ते घेतलं नाही.

‘‘आत्या,’’ शुभा म्हणाली. पुन्हा म्हणाली, ‘‘आत्या, अगं...’’

आत्याबाईंनी भिंतीकडे कूस बदलली. पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि मला म्हणाल्या, ‘‘सुमन, ह्यांना म्हणावं उशीर होतोय, पुण्याची गाडी चुकेल.’’